जुनी मानदुखी : उपचार घेताना या चुका टाळा

मानेचे दुखणे तीन महिन्यांहून अधिक काळ टिकले की त्याला जुने दुखणे म्हणतात आणि तेथून पुढे उपचारांची दिशा बदलते. नव्याने आखडलेली मान दोन-चार दिवस जपली, शेकली की बहुधा मोकळी होते. जुनी मान मात्र नुसती जपत राहिल्याने अधिकच दुबळी होते. पुढे सांगितलेल्या बऱ्याच चुका हा फरक न ओळखल्यामुळे घडतात.

त्यांतील सर्वांत नुकसानकारक चूक म्हणजे एमआरआयच्या अहवालालाच आजार समजणे. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘गादी सरकली आहे’, ‘नस दबली आहे’ अशी वाक्ये कानावर पडली की धडधाकट माणूसही मान वळवायला आणि पिशवी उचलायला घाबरू लागतो. वास्तविक मणक्यांची झीज वयाबरोबर जवळजवळ सर्वांनाच होते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात १,२११ निरोगी स्वयंसेवकांच्या मानेचे एमआरआय तपासले गेले, तेव्हा त्यांतील ८७.६ टक्के लोकांच्या मणक्यांमधील गादी फुगलेली आढळली. म्हणून अहवालातील शब्द आणि रुग्णाची लक्षणे जुळतात का, हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा. हात-पाय तपासल्याशिवाय केवळ फिल्म पाहून दिलेला सल्ला अपुराच असतो.

भीतीपोटी पुढची चूक होते, ती गळ्यातल्या पट्ट्याची. कॉलरने काही दिवस आराम वाटतो, हे खरे. पण तो महिनोन्‌महिने वापरला तर डोके पेलणारे स्नायू काम विसरतात आणि पट्टा काढताच मान पुन्हा दुखते, त्यामुळे पट्टा सोडवत नाही.

जुन्या मानदुखीवर सर्वाधिक भरवशाचा उपाय व्यायाम हाच आहे, आणि नेमका तोच अर्धवट केला जातो. मान न वाकवता हनुवटी सरळ मागे घेऊन काही सेकंद रोखणे, तळहात कपाळाला लावून डोके न हलवता त्यावर दाब देणे, खांद्यांची पाती मागे ओढणे, असे साधे प्रकार फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून रोज थोडे थोडे करावे लागतात. त्यांचा गुण येण्यास सहा ते बारा आठवडे लागू शकतात. पहिल्या आठवड्यात मान किंचित ठणकली म्हणून व्यायाम सोडू नये; मात्र कळ हातात उतरू लागली, तर थांबून विचारावे. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन यांत मानेवर मोठा भार येतो, त्यामुळे ती आसने स्वतःच्या मनाने करू नयेत.

केशकर्तनालयात मालिश झाल्यावर झटका देऊन मान ‘मोडून’ घेण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी, असे मी आग्रहाने सांगेन. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांमधून वर जातात. अशा झटक्याने त्यांचे अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. धोका विरळ असला, तरी क्षणभराच्या मोकळेपणासाठी तो पत्करण्यासारखा नाही.

औषधांच्या दुकानातून डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या परस्पर आणून महिनोन्‌महिने घेतल्यास जठरात व्रण होऊ शकतो, मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते आणि रक्तदाबही वाढू शकतो. प्रीगॅबालिन शिरेच्या कळेसाठी दिले जाते. त्याने झोप आणि तोल या दोहोंवर परिणाम होत असल्याने ते शेजाऱ्याच्या चिठ्ठीवरून घेऊ नये, आणि चालू असेल तर एकदम बंदही करू नये.

चक्कर आली की दोष मानेच्या मणक्यांवर ढकलण्याची आपल्याकडे पद्धतच पडली आहे. कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद सारे गरगरत असेल, तर त्याचे कारण बहुधा आतल्या कानात असते आणि डोक्याच्या विशिष्ट हालचालींनी ते दूर करता येते. त्यासाठी मानेचा पट्टा लावून काहीच साधत नाही.

शस्त्रक्रियेबाबत दोन्ही टोकांच्या चुका होतात. फक्त मान दुखते म्हणून घाईने शस्त्रक्रिया करून घेण्यात सहसा लाभ नसतो. शिरेवरील दाबामुळे हातात कळ येत असली, तरी बहुसंख्य रुग्ण काही आठवडे ते महिन्यांत शस्त्रक्रियेविना सुधारतात. क्वचित इंजेक्शनाचा विचार करावा लागतो. मात्र शर्टाची बटणे लावता येईनाशी झाली, अक्षर बिघडले, चालताना तोल जाऊ लागला, चप्पल पायातून निसटल्याचे कळेनासे झाले किंवा लघवीवरचा ताबा सुटू लागला, तर मज्जारज्जूवर दाब असण्याची शक्यता असते. त्यात दुखणे फारसे नसतेही, म्हणून घरचे लोक ती लक्षणे वयावर ढकलतात. अशा वेळी मणक्यांच्या शल्यविशारदांना तातडीने दाखवावे, कारण येथे शस्त्रक्रियेचा पहिला हेतू बिघाड थांबवणे हा असतो आणि उशिरामुळे गेलेली ताकद पुढे पूर्णपणे परत येईलच असे नसते.