गणपतीच्या कार्यक्रमाआधी मिडीची जोडणी

बडोद्यात गणपतीत भावगीतांचा कार्यक्रम बसवताना दोन कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड मिडीने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांच्या आपसातल्या सूचनांच्या भाषेने, जोडायचे असतील, तर ते काम आदल्या संध्याकाळीच, मंडपात गर्दी व्हायच्या आत उरका. आधी सगळ्या वादकांना एक गोष्ट पक्की सांगा: मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही, सूचना जातात. कोणता स्वर दाबला, किती जोराने, कधी सोडला, एवढंच. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली इथे गायनशाळा काढली, ती सांभाळणाऱ्या मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी बांधली होती. कागदावरच्या त्या खुणांना आवाज नसतो, तो वाचणाऱ्याच्या गळ्यात असतो. मिडीचं तसंच आहे. म्हणून प्रत्येक वाद्यापासून मिक्सरपर्यंतची आवाजाची वायर वेगळी लागतेच, ती मोजून ठेवा.

मिडीची केबल पाच पिनांची, गोल तोंडाची. एका वाद्याच्या ‘आउट’मधून दुसऱ्याच्या ‘इन’मध्ये. ‘थ्रू’मधून आत आलेलंच पुढे जातं, स्वतःचं वाजवणं नाही. केबल १५ मीटरपेक्षा लांब घेऊ नका. स्पीकरमधून घूं असा आवाज आला तर आधी आवाजाच्या वायरी बघा, कारण मिडीच्या ‘इन’मध्ये संदेश प्रकाशाच्या आधाराने पलीकडे जातो, दोन वाद्यांचा विजेचा संबंध तिथे तुटलेला असतो. फक्त यूएसबी असलेले दोन कीबोर्ड सहसा एकमेकांना थेट जोडता येत नाहीत, मध्ये लॅपटॉप लागतो. मंडळाच्या कपाटात जुना सिंथ (सिंथेसायझर) पडला असेल आणि त्याला गोल सॉकेट असेल तर जरूर आणा. १९८३ साली दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ मिडीने एकमेकांना जोडून दाखवले गेले, आणि ती भाषा आजच्या वाद्यांनाही समजते.

मिडीत सूचनांचे वेगवेगळे मार्ग, म्हणजे चॅनेल, सोळा असतात. ऑक्टोपॅडला १० नंबर द्या, तालवाद्यांसाठी तोच रूढ आहे. बाकीचे कागदावर लिहून मंचावर चिकटवा.

आता पट्टी. गायकाची काळी एक आहे आणि वादक ‘सा’ पांढऱ्या एकवर धरून ट्रान्सपोज (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारी सोय) एकने चढवतो. काही कीबोर्ड बाहेरही चढवलेलाच स्वर पाठवतात, काही दाबलेल्या कीचा नंबर पाठवतात. पहिल्या प्रकारच्या कीबोर्डला जोडलेल्या दुसऱ्यावरही ट्रान्सपोज चढवला, तर तो पांढऱ्या दोनमध्ये वाजेल आणि गायक बिचारा मध्ये अडकेल. एक स्वर दाबून दोन्ही ऐका, मगच ठरवा.

सगळ्यात जास्त वेळ मींडेला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्याला, द्या. भावगीतात कीबोर्ड कोरडा वाटतो तो मींड नीट न आल्यामुळे, असं माझं ठाम मत आहे. स्वर वर-खाली वाकवणारी बेंडची दांडी ढकलली की ० ते १६३८३ मधला एक आकडा जातो, दांडी मध्यावर असताना ८१९२. पण हा आकडा किती सूर चढायचं ते सांगत नाही, ते ऐकणाऱ्या वाद्याच्या सेटिंगवर ठरतं. पहिल्याची मर्यादा दोन अर्धस्वर आणि दुसऱ्याची बारा असेल, तर पूर्ण ढकलल्यावर एक ‘सा’वरून ‘रे’वर जाईल आणि दुसरा थेट तार ‘सा’वर. दोन्हीकडे बेंडरेंज सारखीच ठेवा, दोन पुरते. शिवाय बेंड त्या चॅनेलवरच्या सगळ्या स्वरांना लागतो. तंबोऱ्याचा ‘सा-प’ त्याच चॅनेलवर असेल तर तोही घसरेल, आणि मग आधारच सुटला. तंबोरा वेगळ्या चॅनेलवर हवा. मग दांडी अगदी सावकाश ढकलून ‘ग’वरून ‘म’वर जा, दोन्ही वाद्यं एकत्र पोचतात का ते कान देऊन ऐका.

ऱ्हिदम एकाच यंत्राकडून चालू द्या. मिडी क्लॉक दर मात्रेला २४ ठोके पाठवतं, दोघांनी पाठवले तर लय डळमळते. लॅपटॉपमधून वाजवत असाल तर कीबोर्डचा ‘लोकल’ (दाबलेला स्वर त्याने स्वतःच थेट वाजवण्याची सोय) बंद करा, नाहीतर प्रत्येक स्वर दुहेरी येतो.

शेवटचं, वाजतं असताना केबल निसटली तर स्वर सुटल्याची सूचना पोचत नाही आणि तो अडकून बसू शकतो. अडकलेले स्वर बंद करणारं ‘पॅनिक’चं बटण कुठे आहे ते दोन्ही कीबोर्डवर शोधून दोन्ही वादकांना दाखवा.