आकाशगंगेचा फोटो फसतो कुठे? कॅमेरा लावण्याआधी या चुका टाळा

आकाशगंगेचा फोटो काढायचा म्हटलं की लोक यूट्यूबवर चार व्हिडिओ बघतात, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) किती आणि एक्स्पोजर (शटर उघडं राहण्याचा वेळ) किती सेकंद ते उतरवून घेतात आणि गाडी काढतात. ते आकडे बहुतेक वेळा बरोबरच असतात. पण व्हिडिओ असतो युरोप-अमेरिकेतला. आपला पावसाळा, आपले अक्षांश आणि आपल्या शहरांचा उजेड त्यात धरलेला नसतो.

पहिली चूक हंगामाची. तिकडे आकाशगंगेचा हंगाम म्हणजे जून ते ऑगस्ट, आणि नेमके तेव्हा आपल्याकडे तारे दिसायचीच मारामार. वृश्चिक आणि धनूमधला आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग, म्हणजे कोअर, आपल्याला पावसाळ्याच्या अलीकडे आणि पलीकडे असा दोन हप्त्यांत मिळतो. मार्चमध्ये पहाटे तीन ते पाच ही वेळ धरा. मेच्या मध्यावर तो रात्री दहाच्या सुमारास उगवू लागतो आणि पहाटे तीनच्या आसपास दक्षिणेला सगळ्यात वर, साधारण ४२ अंशांवर येतो. पावसानंतर ऑक्टोबरमध्ये अंधार पडल्यावर तासभरच, साडेसात ते साडेआठ, नैर्ऋत्येला. पण हवा तेव्हा धुतलेली असते, त्यामुळे तो तासभर सोडू नये.

दुसरी चूक अमावास्येचा हट्ट. अमावास्या शनिवारी येत नाही म्हणून बेत पुढे ढकलत बसणारे बरेच भेटतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी छापलेली असते, ती वाचली तर कितीतरी रात्री मोकळ्या सापडतात. पहाटे फोटो काढायचे तर शुद्ध अष्टमी-नवमीपर्यंत काही अडत नाही, कारण चंद्र मध्यरात्रीच्या आगेमागे मावळलेला असतो. संध्याकाळी काढायचे तर वद्य पक्ष बघा. संकष्टीला चंद्रोदय नऊच्या आसपास असतो हे उपास करणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पुढे तो रोज पाऊण-एक तासाने लांबत जातो. म्हणजे वद्य षष्ठीपासून ऑक्टोबरची संध्याकाळ तुमचीच. फक्त सूर्यास्त झाल्या झाल्या घाई नको. आपल्या अक्षांशावर पूर्ण काळोख व्हायला सव्वा तास तरी लागतो.

तिसरी चूक फार थोड्यांच्या लक्षात येते. पुण्याहून लोक उत्साहाने जुन्नरकडे जातात. तिथे डोक्यावरचं आकाश सुंदर असतं, पण कोअर दक्षिणेला आणि दक्षिणेलाच चाकण-पुण्याचा उजेड. फोटोत खालचा अर्धा भाग नारिंगी येतो आणि दोष जातो व्हाइट बॅलन्सकडे, म्हणजे कॅमेऱ्यातल्या रंगांच्या सेटिंगकडे. शहर तुमच्या पाठीशी, म्हणजे उत्तरेला राहील अशी जागा निवडा: पुणेकरांनी भोर-वेल्ह्याकडे, मुंबईकरांनी अलिबागच्याही खाली. विदर्भात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ साली भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क (रात्रीचा अंधार जपलेलं क्षेत्र) म्हणून मान्यता मिळाली. पण नागपूर पेंचच्या दक्षिणेला आहे, तेव्हा तिथेही दिशेचा विचार करूनच कॅमेरा लावा.

आता फोटो काढलाय आणि तारे बिघडलेत. फोटो शंभर टक्के मोठा करून ताऱ्यांचा आकार नीट बघा, तोच निदान सांगतो.

सगळे तारे एकाच दिशेला लांबुळके असतील तर एक्स्पोजर जास्त झालंय. ५०० ला फोकल लेंग्थने (लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरने) भागायचं, येईल तितके सेकंद जास्तीत जास्त, हा नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो फुल फ्रेमसाठी, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी आहे. क्रॉप सेन्सरवर (त्याहून लहान सेन्सरवर) आधी फोकल लेंग्थला दीडने गुणा (कॅननला १.६ ने). किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळणारी) १८ मिलिमीटरवर ठेवली तर उत्तर साधारण १८ सेकंद येतं. मी १५ च्या वर जात नाही. त्यातही मृगाचा पट्टा खगोलीय विषुववृत्तावर (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेवर) असल्याने तिथले तारे भराभर सरकतात, ध्रुवाजवळचे जेमतेम.

तारे हुकासारखे वळलेले किंवा दुहेरी दिसत असतील तर ट्रायपॉड हलला. मधली दांडी खाली घ्या, दोन सेकंदांचा टायमर लावा, लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन बंद करा. मधले तारे ठीक आणि कोपऱ्यातल्यांनाच पंख फुटलेत? ती लेन्सची खोड आहे, अॅपर्चर (लेन्सचं भोक) एक स्टॉप, म्हणजे एक पायरी, बंद केलं की बरीच कमी होते.

आणि सगळेच तारे गोल पण फुगलेले असतील तर फोकस गेला. अनंताच्या खुणेवर विसंबू नका. बऱ्याच किट लेन्सवर ती खूण नसतेच. ऑटोफोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवरच्या थेट चित्रात) एखादा ठळक तारा दहापट मोठा करा. एप्रिलमध्ये संध्याकाळी व्याध, मेमध्ये स्वाती किंवा चित्रा. रिंग फिरवत तारा बारीक होत जाईल. सगळ्यात बारीक झाल्यावर थांबू नका, थोडं पुढे जाऊन तो परत फुगतोय हे बघा आणि मग मागे या. रिंगवर कागदी चिकटपट्टी लावा. नंतर झूम हलवला तर हे सगळं पुन्हा करावं लागतं.

सुरुवातीचे फोटो कडक आणि मध्यरात्रीनंतर ताऱ्यांभोवती धूसर वलय येत असेल तर ढगांना शिव्या देण्याआधी लेन्सच्या काचेवर तिरपा टॉर्च मारून बघा. दव असतं. हिवाळ्यात हे हमखास होतं. पुसून उपयोग नाही, पाच मिनिटांत परत येतं. पॉवर बँकेवर चालणारी हीटरची पट्टी लेन्सला गुंडाळणं हा खरा इलाज. कोकणात उलटा प्रकार: एसी खोलीतून काढलेला कॅमेरा बाहेर येताच घामेजतो. अर्धा तास आधी बंद बॅगेतच बाहेर ठेवा.

स्क्रीनवर झक्क दिसलेला फोटो घरी काळाकुट्ट निघतो, कारण अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना स्क्रीन फार उजळ भासतो. ब्राइटनेस कमी करा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. आणि कृपा करून पांढरा टॉर्च दुसऱ्याच्या तोंडावर मारू नका. डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. टॉर्चवर लाल जिलेटिनचा कागद लावला की काम भागतं.

राहिले ताऱ्यांच्या वर्तुळांचे फोटो, म्हणजे एकापाठोपाठ काढलेले अनेक फोटो जोडून ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेषा दाखवणारे. लंडनमध्ये ध्रुव ५१ अंशांवर असतो, पुण्यात साडेअठरावर. हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी रचल्या तर दुसरीच्या आत. उत्तरेला जवळच डोंगर असेल तर ध्रुव त्यामागे गेलाच समजा, म्हणून जागा दिवसाच कंपासने तपासा आणि कॅमेरा उभा धरा. रेषांमध्ये खाचा पडत असतील तर लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन चालू राहिलंय: प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ शटर बंद ठेवून आणखी एक काळा फोटो घेतो आणि तेवढ्यात तारे पुढे सरकतात. ते बंद करा, दोन फोटोंमध्ये एकच सेकंद ठेवा, आणि जादा बॅटरी खिशात ठेवा; थंडीत ती बॅगेपेक्षा अंगाजवळ जास्त टिकते.