ड्रायव्हिंग टेस्टमध्ये रस्त्यावरचे पट्टे: या चुका टाळा

स्टेअरिंग, गिअर, हाफ क्लच सगळं घोटून झालेलं असतं, आणि तरी टेस्टला माणूस अडकतो तो जमिनीवरच्या पट्ट्यांपाशी. क्लासची गाडी ज्या रस्त्यांवरून फिरते तिथले निम्मे पट्टे पुसलेले असतात आणि उरलेले कोणी पाळत नाही. मग तिकडे बघायची सवय लागणार कुठून? लर्निंग लायसन्स मिळाल्यावर पक्क्या लायसन्सच्या टेस्टपर्यंत किमान ३० दिवस जावे लागतात. त्यातले थोडे खास पट्ट्यांसाठी राखून ठेवा.

स्टॉप लाइन: फार मागे, नाहीतर थेट झेब्रावर

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. रेघ बॉनेटखाली दिसेनाशी झाली की नवख्याला वाटतं, गेली चाकाखाली! तो घाबरून ब्रेक दाबतो आणि गाडी लांबच थांबते. खरं तर त्या क्षणी बंपर रेघेच्या बराच अलीकडे असतो. दुसरा उलट टोकाचा. तो रेघ शोधत शोधत पुढे सरकतो आणि बंपर झेब्रा क्रॉसिंगवर नेऊन ठेवतो.

यावर डोक्याने गणित करून उपयोग नाही. मोकळ्या मैदानात खडूने रेघ मारा, त्याआधी सीट नीट लावून घ्या, आणि गाडी रेघेशी आणून थांबवा. आता हँडब्रेक लावून खाली उतरा आणि बंपर नेमका कुठे आहे ते बघा. परत बसा, थोडं पुढे-मागे करून पुन्हा उतरा. बंपर रेघेच्या वीतभर अलीकडे असताना सीटवरून ती रेघ उजव्या आरशाच्या कुठल्या भागाशी दिसते, हे एकदा डोळ्यात बसलं की काम झालं. मात्र सीट वर-खाली केली किंवा गाडी बदलली की ही खूणही बदलते. टेस्टला वेगळी गाडी मिळणार असेल तर आधी तिच्यावर एक फेरी मागून घ्या, लाजू नका.

चुकून रेघ ओलांडलीच तर? रिव्हर्स टाकू नका. मागे दुचाकी येऊन टेकलेली असते आणि एका चुकीच्या दोन होतात. आहे तिथेच थांबा. जवळचा सिग्नल दिसत नसेल तर चौकापलीकडचा बघा, आणि हिरवा झाल्यावरच हला.

रेघ पुसली असेल तर झेब्राच्या अलीकडे थांबायचं. झेब्राही गेला असेल तर चौकाच्या तोंडाशी, सिग्नलच्या खांबाच्या अलीकडे. आणि लाल सिग्नलला डावीकडे वळायची मुभा तशी पाटी असेल तिथेच असते, सगळीकडे नाही.

मधली रेघ

तुटक रेघ समोरचा रस्ता मोकळा असेल तर ओलांडता येते. अखंड रेघ, पांढरी असो की पिवळी, टेस्टमध्ये ओलांडायची नाही असंच धरून चाला. एक अखंड आणि एक तुटक अशी जोडी दिसली की आपल्या बाजूची रेघ आपल्याला लागू. हे लेखी परीक्षेत बरोबर लिहिणारे रस्त्यावर हमखास विसरतात. अखंड रेघेच्या रस्त्यात बंद पडलेला टेम्पो आडवा आला तर गुपचूप बाहेर काढू नका. थांबा, आरसे बघा आणि शेजारी बसलेल्या इन्स्पेक्टरना विचारा, "सर, इथून काढू का?" विचारण्याने कमीपणा येत नाही.

‘लाइन काय, टेस्टपुरती’ असं सांगणारे क्लासवाले भेटतात. त्यांचं ऐकू नका. लेनचे नियम २०१७ च्या मोटार व्हेइकल्स ड्रायव्हिंग रेग्युलेशन्समध्ये आहेत आणि ते मोडल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७-अ खाली ५०० ते १,००० रुपये दंड आहे.

लेनमधले बाण

बाण शेवटच्या क्षणी दिसतो आणि हात वळतात, ही नेहमीची गोष्ट. उजवीकडे जायला सांगितलं आणि तुम्ही सरळच्या लेनमध्ये सापडलात तर तसं सांगून सरळच जा. वळसा पडला तरी चालेल. इंडिकेटर न देता आडवं घुसणं मात्र भोवतं. नजर पुढच्या गाडीच्या डिकीवर न ठेवता तिच्याही पुढे टाका, म्हणजे बाण वेळेत दिसतील.

चौकातला पिवळ्या जाळीचा चौकोन दिसला तर पलीकडे आपल्या गाडीपुरती जागा असल्याशिवाय आत शिरायचं नाही, सिग्नल हिरवा असला तरी.

ट्रॅकवरच्या रेघा

आठ आणि एच (इंग्रजी 8 आणि H च्या आकाराचे मार्ग) काढताना बहुतेकांचं लक्ष पुढच्या चाकांवर असतं, आणि रेघेवर चढतं ते मागचं. वळताना मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग जात नाहीत, आतून कापत जातात. म्हणून डाव्या वळणात गाडी आधीपासून उजव्या रेघेकडे थोडी धरा, आणि डाव्या आरशात मागचं चाक रेघेपासून किती लांब आहे ते बघत राहा. क्लचवर सावकाश चाललात तर हे बघायला वेळ मिळतो. वेगात मिळत नाही. ऑटोमेटेड ट्रॅक असेल तर रेघेला झालेला स्पर्श कॅमेरा किंवा सेन्सर टिपतो, तिथे विनवणी चालत नाही. दुचाकीवाल्यांनी पुढच्या चाकाकडे बघू नये, वळण जिथे संपतं तिथे बघावं. खाली बघितलं की तोल जातो आणि पाय टेकतो.

नापास झालात तर ७ दिवसांनी पुन्हा टेस्ट देता येते. तीनदा नापास झाल्यावर मात्र ६० दिवस थांबावं लागतं. त्यामुळे ट्रॅकवरून बाहेर पडण्याआधी इन्स्पेक्टरना नेमकं विचारून घ्या: कुठली रेघ, कुठलं चाक. "आठ चुकला" एवढ्या उत्तरावर पुढचे सात दिवस नेमका कशाचा सराव करायचा ते कळत नाही.