लोह उतरवायच्या गोळ्या : या चुका टाळा

दवाखान्याच्या डे-केअरमध्ये मुलांना रक्त चढत असताना आयांच्या गप्पा ऐका, सगळ्या हिमोग्लोबिनच्या. 'आमचं साडेनऊ आलं', 'आमचं आठच आहे बाई.' फेरिटिन (अंगात लोह किती साठलंय हे सांगणारी रक्ताची तपासणी) किती, असं विचारलं की निम्म्या जणी फाइल चाळायला लागतात. पहिली काही वर्षं मीही त्यांतलीच. माझी मुलगी थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे शरीर पुरेसं रक्त बनवत नाही, ते सतत बाहेरून चढवावं लागतं. आता पंधराची. आमच्या घरात आणि शेजारच्या खाटांवर ज्या चुका पाहिल्या त्या लिहितेय.

आधी हिशेब. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह अंगात जातं. ते बाहेर टाकायची सोय शरीराकडे नाही. दिवसाला एखाद-दुसरा मिलिग्रॅम झडतो, तेवढाच. महिन्याला दोन पिशव्या म्हणजे वर्षाला जवळपास ५ ग्रॅम. धडधाकट मोठ्या माणसाच्या अख्ख्या शरीरात ३ ते ४ ग्रॅम असतं! हे जादा लोह यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साचत जातं आणि कित्येक वर्षं काही जाणवतच नाही. त्यामुळे 'पोर तर मस्त खेळतंय, कशाला एवढ्यात गोळी' म्हणणाऱ्यांची गाडी सुरुवातीलाच चुकते. १० ते २० पिशव्या झाल्या किंवा फेरिटिन १०००च्या वर टिकून राहिलं, की डॉक्टर सहसा लोह उतरवायचं औषध सुरू करतात. सिकलसेलच्या (हाही रक्ताचा आनुवंशिक आजार) ज्या मुलांना वारंवार रक्त लागतं, त्यांचंही असंच.

नाव एक, गोळ्या दोन

सगळ्यात जास्त गोंधळ डेफेरासिरॉक्स या लोह उतरवायच्या गोळीचा. ही गोळी दोन प्रकारांत मिळते. एक पाण्यात विरघळवायची, दुसरी फिल्म-कोटेड, म्हणजे गिळायची. दोन्हींचा डोस वेगळा. ३० किलोच्या मुलाला विरघळणारी ९०० मिलिग्रॅम लागत असेल, तर फिल्म-कोटेड ६३०च लागते. आमच्या ओळखीतल्या एका मुलाला औषधवाल्याने 'तेच आहे हो' म्हणत विरघळणारीच्या जागी फिल्म-कोटेड दिली, आणि घरच्यांनी जुन्याच हिशेबाने ९०० पुरे केले. म्हणजे रोज ४३ टक्के जास्त औषध. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं तेव्हा कळलं. पाकिटावर कंपनीच्या नावाखाली बारीक अक्षरात प्रकार लिहिलेला असतो, तो दुकानातच वाचा.

विरघळणारी गोळी रिकाम्या पोटी, खाण्याआधी किमान अर्धा तास. साध्या पाण्यात, संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसात. दुधात नाही, कोल्ड्रिंकमध्ये नाही. ही गोळी पूर्ण विरघळत नाहीच, गढूळ पाणी होतं आणि तळाशी पांढरा गाळ बसतो. तो गाळ म्हणजेच औषध. पेल्यात पुन्हा दोन घोट पाणी घालून, हलवून, तेही प्यायचं. फिल्म-कोटेड हलक्या खाण्याबरोबर चालते. ॲल्युमिनियम असलेलं ॲसिडिटीचं पातळ औषध मात्र दोन्हींसोबत नको.

आणि वजन! तेच ३० किलोचं मूल ३६ किलोचं झालं आणि गोळ्या त्याच राहिल्या, तर किलोमागे ३० मिलिग्रॅमचा डोस गुपचूप २५वर येतो. वाढत्या वयात फेरिटिन वर सरकलं की आधी वजनकाटा बघा.

ताप आला की

इथे चूक जिवावर बेतू शकते, म्हणून सावकाश वाचा. डेफेरिप्रोन हे लोह उतरवायचं दुसरं औषध (केल्फर नावाच्या कॅप्सूल) घेणाऱ्यांपैकी शंभरात एखाद्याच्या पांढऱ्या पेशी अचानक धोक्याइतक्या खाली जातात. ताप किंवा घसा दुखणं ही त्याची खूण. त्याच दिवशी कॅप्सूल बंद, त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि न्यूट्रोफिलचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा. क्रोसिन देऊन दोन दिवस वाट बघायची नाही. (जाता जाता : हे औषध विक्रीला आधी आलं ते भारतात, १९९०च्या दशकात. अमेरिकेने मान्यता दिली थेट २०११ला.)

डेफेरासिरॉक्सवर असलेल्या मुलाला जुलाब-उलट्या लागल्या, ताप येऊन पाणी कमी झालं, तर मूत्रपिंडावर ताण येतो. तेव्हाही गोळी थांबवून डॉक्टरांना फोन. डेस्फेरालच्या पंपावर (लोह उतरवायचं हे औषध सुईने कातडीखाली हळूहळू सोडतात) असाल आणि तापासोबत पोट दुखत असेल, तरी तेच. मग उलटी चूक होते : ताप जातो, शाळा सुरू होते आणि औषध सुरू करायचं राहूनच जातं. थांबवताना 'परत कधी सुरू करू' हे विचारूनच घ्या.

डेस्फेरालबद्दल एकच. पंप ८ ते १२ तास हळूहळू चालायला हवा. 'पोरगं कंटाळतं' म्हणून दोन तासांत संपवलं तर फायदा फार थोडा, कारण हे औषध रक्तात टिकतच नाही.

आकड्यांचे घोटाळे

फेरिटिन तापात, जंतुसंसर्गात, काविळीत आपोआप वाढतं. आजारपणातला रिपोर्ट बघून घाबरू नका, पुन्हा करा. एका आकड्यापेक्षा वर्षभराची चढ-उतार महत्त्वाची. आणि फेरिटिन बरं आहे म्हणजे हृदय स्वच्छ आहे असं नाही. त्यासाठी टी-टू-स्टार एमआरआय, म्हणजे हृदयातलं लोह मोजणारा स्कॅन. आकडा जितका कमी तितकं लोह जास्त. तो २० मिलिसेकंदांच्या खाली गेला की हृदयात लोह आहे, १०च्या खाली म्हणजे गंभीर. फेरिटिन ५००च्या आत आलं की खूश होऊन तोच डोस रेटणं हीसुद्धा चूकच. तेव्हा डोस कमी करायची वेळ असते. क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या, वर्षातून एकदा कान आणि डोळे, हे चुकवू नका.

लघवी तांबूस झाली म्हणून डेफेरिप्रोन बंद करणारे भेटतात. ते रक्त नसतं, बाहेर पडणारं लोह असतं. डेफेरासिरॉक्सचं लोह शौचावाटे जातं, त्यामुळे लघवीचा रंग बदलत नाही. म्हणून 'गोळी कामच करत नाही' असंही समजू नका.

खाण्याचं थोडक्यात. रक्त कमी आहे म्हणून मावशीने आणलेलं लोहाचं टॉनिक परत द्या. व्हिटॅमिन सीची गोळी स्वतःहून नको. पण पालक, गूळ बंद करून मुलाचं ताट ओकंबोकं करू नका, एका पिशवीपुढे त्यातलं लोह किरकोळ आहे.

राहिली आमच्या घरची गोष्ट. मुलगी तेरा वर्षांची असताना फेरिटिन दोन हजारांवरून साडेतीन हजारांवर गेलं. डॉक्टर डोस वाढवणार, तेवढ्यात मला बेसिनच्या जाळीत पांढरट थर दिसला. ओरडले मी. पण तोंडात खडू चघळल्यासारखं लागतं, शाळेच्या बसमध्ये मळमळतं, हे ती तीन वर्षं सांगत होती आणि मी 'औषधच आहे, गोड कसं लागेल' म्हणत होते. पुढच्या खेपेला तिने ते डॉक्टरांना स्वतः सांगितलं. त्यांनी डोस वाढवला नाही. विरघळणारी बंद करून फिल्म-कोटेड दिली, तीही संध्याकाळी.