युवा केंद्राची भिंत सगळ्यांनी मिळून कशी रंगवावी: माटोळीची रीत

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, गणपतीच्या वर माटोळी बांधतात. ही फळाफुलांनी सजवलेली लाकडी चौकट, आणि ती बांधताना घरातला प्रत्येक जण काहीतरी घेऊन येतो. कोणी रानातून कांगलां आणि कवंडळां ही रानफळं आणतो, कोणी परसातले नारळ, कोणी सुपारीचा घड. चौकट मात्र एकच असते आणि ती जाणत्या हाताने बांधलेली असते. युवा केंद्राच्या भिंतीवर चाळीस-पन्नास जणांनी मिळून चित्र करायचं असेल, तर मला याहून चांगली रीत सापडलेली नाही.

पहिल्या भिंतीला आम्ही मुलांच्या हाती थेट ब्रश दिले आणि हवं ते काढा म्हणालो. दोन तासांत वर सूर्य, खाली समुद्र आणि मध्ये डझनभर घरं झाली. धाकट्यांच्या चित्रांवर थोरल्यांचा रंग चढला. एक लहान मुलगी आपलं चित्र शोधत भिंतीसमोर फिरत राहिली. तेव्हापासून मी चौकट आधी बांधतो आणि ब्रश सर्वांत शेवटी काढतो.

भिंत निवडताना पावसाचा विचार करा

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. झड नैऋत्येकडून येते. म्हणून पश्चिमेची किंवा दक्षिणेची भिंत शक्यतो घेऊ नका. पूर्वेची किंवा उत्तरेची, वर छपराची पुढे आलेली कड असलेली भिंत सर्वांत बरी. उघड्या चिऱ्यावर, म्हणजे जांभा दगडावर, रंग नीट बसत नाही, गिलावा हवाच. गिलावा नवा असेल तर २८ दिवस थांबा.

काम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत करा. पाऊस ऑक्टोबरात ओसरला तरी भिंतीच्या पोटातलं पाणी लगेच जात नाही. ओल तपासायची सोपी युक्ती आहे: हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दुसऱ्या दिवशी काढा. आतून थेंब दिसले तर आणखी थांबा. आम्ही एकदा थांबलो नाही आणि ऑगस्टात अर्ध्या चित्राचे पोपडे गळून पडले.

इमारत पंचायतीची, देवस्थानाची, क्लबाची, ज्यांची असेल त्यांची परवानगी लेखी घ्या. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची सही घ्या, फोटो काढणार असाल तर त्यासाठीही.

काय काढायचं, हे आधी बोलून ठरवा

या कामाला दोन-तीन संध्याकाळी द्या, घाई करू नका. मुलांबरोबर वाड्यावरच्या आजी, पोदेर (पाववाला), मासळी विकणारी बाई, फुटबॉल शिकवणारा दादा यांनाही बोलवा. “काय काढूया?” असं विचारलंत तर उत्तर ठरलेलं येतं: माड, होडी, सूर्यास्त. त्यापेक्षा विचारा, “आपल्या वाड्यावर पूर्वी होतं आणि आता नाही असं काय?” “पहिल्या पावसाचा वास तुला कुठे आला?” “घरापासून इथे येताना रोज काय दिसतं?” मग मानस (खाडीचं पाणी अडवणारं बांधाचं दार) येते, गवा येतो, कोणाच्या आज्याचं जुनं घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याचं चर्मवाद्य, येतं.

वाद होतील, ते होऊ द्या. खाणपट्ट्यातल्या एका गावात मुलांना खाणीचा ट्रक काढायचा होता. काहींच्या घरची चूल त्या ट्रकावर चालली होती, काहींच्या शेतात खाणीचा गाळ आला होता. दोन बैठका त्यातच गेल्या. शेवटी ट्रकही आला आणि गाळ भरलेलं शेतही आलं, शेजारी शेजारी. अशा गोष्टी कागदावरच मिटवाव्यात, कारण भिंतीवर रंग चढल्यावर एका बाजूला कायमचं हरल्यासारखं वाटतं.

देवादिकांची चित्रं टाळावीत असं माझं मत आहे. केंद्राच्या भिंतीला मुलं टेकतात, तिच्यावर चेंडू आपटतो. सगळ्यांचं म्हणून काही हवं असेल तर घुमट घ्या. ते देवळातल्या आरतीतही वाजतं आणि मांडो या कोंकणी गाण्यांबरोबरही. २०१९ साली गोवा सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं आहे.

चौकट बांधा

प्रत्येकाला कागदाचा पाव तुकडा द्या. त्यावर एकच वस्तू काढायची, मागे देखावा नको. सगळ्या वस्तू कापून मोठ्या कागदावर मांडा, सरकवा, पुन्हा मांडा. मग चित्रकलेचा हात असलेल्या एक-दोघांनी त्या सगळ्या सारख्याच जाडीच्या रेषेत पुन्हा काढाव्यात. त्यांनी मुलांची रेषा सुधारायची नाही, फक्त जुळवायची. पाच पायांचं कुत्रं असेल तर पाचही पाय राहू द्या. हा आराखडा सगळ्यांना दाखवा आणि प्रत्येकाला त्यात आपली वस्तू बोट ठेवून दाखवायला सांगा. ज्याला ती सापडली नाही, त्याच्यासाठी जागा करा.

रंग सहा-सातच घ्या, म्हणजे पन्नास जणांचं काम एका हातचं वाटतं. त्यात एक काव, म्हणजे मातीचा तांबडा रंग, असू द्या. मोरजीच्या मोरजाई मंदिरात कावी कला पाहा: चुन्याचा पांढरा आणि मातीचा लाल, एवढ्या दोनच रंगांत भिंत उभी राहिली आहे. आपल्या मातीचा लाल म्हणजे लोहाचा ऑक्साइड, आणि तो उन्हात सहजी विटत नाही. भडक गुलाबी आणि काही पिवळे मात्र लवकर फिके पडतात. म्हणून बाह्यरेषा काव रंगातच करा.

भिंत तयार करून चित्र उतरवा

शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा आणि वाळू द्या. भेगा बाहेरच्या कामाच्या पुट्टीने भरा. मग बाहेरच्या भिंतीचं प्रायमर एक हात आणि पांढरं एक्स्टिरियर इमल्शन दोन हात. डिस्टेंपर वापरू नका, पावसात टिकत नाही. २० फूट बाय ८ फूट भिंतीला प्रायमर दोन लिटर, पांढरा चार लिटर आणि बाकीचे रंग मिळून चार-पाच लिटर धरा.

आराखडा १ इंचाला १ फूट या मापाने चौकटीच्या कागदावर घ्या. खडूची पूड लावलेली दोरी ताणून भिंतीवर फूट-फुटाचे चौकोन मारा आणि एकेका चौकोनातलं चित्र पेन्सिलने उतरवा. हे काम थोरली मुलं एका दिवसात करतात. प्रत्येक भागात रंगाचा छोटा क्रमांक लिहा आणि तोच क्रमांक डब्यावर. तळाचा दीड फूट गडद काव रंगाचा पट्टा म्हणून सोडा, कारण पावसाळ्यात मातीचे शिंतोडे तिथेच उडतात.

रंगवण्याचा दिवस

दव सुकल्यावर सुरुवात करा आणि ऊन उतरण्याआधी थांबा. दवात ओला रंग डागाळतो. एका वेळी सहा-सात जणच भिंतीशी असावेत, दर दोन तासांनी पाळी बदला. धाकटे खाली, थोरले वर. परांचीवर फक्त प्रौढांनी चढायचं.

रंग करवंट्यांतून थोडा थोडा वाटा. वाळूच्या परातीत ठेवल्या की त्या लवंडत नाहीत. मुलांनी आत भरायचं, कडा शेवटी दोघा-तिघांनी स्वच्छ करायच्या. मूल रेषेबाहेर गेलं तर ओरडू नका, काव रेषा ते झाकून घेते. ब्रश धुतलेलं पाणी ओहोळात किंवा शेतात ओतू नका. बादलीत गाळ बसू द्या, वरचं पाणी पुन्हा वापरा आणि गाळ वाळवून कचऱ्यात द्या.

आठवडाभर वाळल्यावर पारदर्शक अॅक्रिलिकचा एक हात द्या. कोपऱ्यात सगळ्यांची नावं लिहा, चहा करणाऱ्यांचीही. उरलेले रंग क्रमांकासकट झाकण घट्ट लावून ठेवा आणि आराखडा केंद्राच्या आत टांगा. पुढच्या नोव्हेंबरात भिंत वाळली की तीच मुलं बोलवा आणि एका दुपारी गळलेल्या जागा भरून घ्या. त्या दिवशी जी नवी मुलं आली असतील, त्यांच्या वस्तूंसाठी काव पट्ट्याच्या वर फूटभर जागा पहिल्यापासूनच मोकळी ठेवा.