घरात हाय हील्स घालता? मग फरशी निवडताना या चुका टाळा

“दुकानदार म्हणाला लॅमिनेट स्क्रॅचप्रूफ आहे, मग हील्सनी काय होणार होतं?” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढे काय येणार ते मला आधीच कळतं. फोटो येतो. मोबाइल जवळजवळ जमिनीला टेकवून, खिडकीच्या उजेडात तिरका काढलेला. लाकडी दिसणाऱ्या गुळगुळीत जमिनीवर देवीच्या व्रणांसारखे बारीक बारीक खळगे.

मी पुण्यात घरांच्या इंटिरिअरची कामं करते. आपल्याकडे चपला दाराबाहेर काढायची पद्धत, म्हणून फरशी घेताना टाचेचा विचार कुणाच्या डोक्यात येत नाही. पण घरात हील्स घालणाऱ्या बायका-मुली आहेत. हॉलमध्येच साल्साचा सराव करणारी, केबिन क्रूच्या मुलाखतीआधी महिनाभर हील्सवर चालायची सवय करणारी, लग्नाचे सँडल आधी घरात घालून सैल करणारी नवरी. माझ्या एका कामात तर काकूंना अनवाणी चालवत नव्हतं म्हणून डॉक्टरांनी घरातही उंच टाचेची चप्पल सांगितली होती. या सगळ्यांना “हील्स काढून ठेवा” असं सांगणं मला पटत नाही. जमीन नीट निवडली आणि नीट बसवली तर तिला काही होत नाही.

एसी ४ वाचून लॅमिनेट घेणं

लॅमिनेट म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या तयार फळ्या. त्यांच्या खोक्यावर एसी ३, एसी ४, एसी ५ असं छापलेलं असतं. लोक हा आकडा मजबुतीचा समजतात. तो मुख्यतः झिजेचा आहे, म्हणजे वरचा थर किती घासलं तर उडेल याचा. टाच घासत नाही, ती टोचते.

हिशोब साधा आहे. पेन्सिल हीलचं टोक धरा एक चौरस सेंटिमीटर. बाईचं वजन ६० किलो. पाऊल टाकताना क्षणभर जवळजवळ सगळा भार एका टाचेवर येतो, म्हणजे त्या नखाएवढ्या जागेवर चौरस सेंटिमीटरला ६० किलोपर्यंत. आपल्या गाडीच्या टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असते, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. टाचेचा दाब त्याच्या पंचवीसपट झाला. तेच ४ बाय ४ सेंटिमीटरची ब्लॉक हील असेल तर दाब चार किलोच्याही खाली येतो. म्हणून मी पहिला प्रश्न “कोणत्या हील्स?” हा विचारते. फरशीचा रंग आणि डिझाइन त्यानंतर.

आता लॅमिनेट आतून कसं असतं ते बघा. वर पारदर्शक कडक थर, त्याखाली लाकडाचं चित्र छापलेला कागद, त्याखाली एचडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा. आणि सगळ्यात खाली, फळ्या बसवण्याआधी जमिनीवर अंथरलेला फोम. बहुतेक वेळा घोळ या फोमपाशी होतो.

बाणेरच्या एका फ्लॅटमध्ये मुलीचा साखरपुडा घरीच होता. तीन आठवडे आधी त्यांनी माझं न ऐकता ८ मिलिमीटरचं लॅमिनेट टाकून घेतलं होतं. “पायाला मऊ लागावं” म्हणून बसवणाऱ्याने फोमचे दोन थर अंथरले. मी म्हटलं होतं, एकच थर, २ मिलिमीटरचा आणि घट्ट. त्याने सांगितलं, “ताई, डबल टाकलं की आवाज पण येत नाही.” साखरपुड्याला पाहुणे आले, घरचंच कार्य म्हणून कुणाला चपला काढा म्हणायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी मला बोलावलं तेव्हा मी गुडघ्यावर बसून हात फिरवला. जिथे फोटो काढायला सगळ्याजणी उभ्या राहिल्या होत्या, तिथे तळहाताला खळगे लागत होते. त्याहून वाईट म्हणजे तीन ठिकाणी फळ्यांचे सांधे उघडले होते. खाली फोम दबतो, वरून टाच दाबते, आणि फळ्यांना एकमेकांत अडकवणारी ती पातळ जीभ मोडते. सांधा उघडला की ओल्या पोछ्याचं पाणी आत जातं आणि एचडीएफ फुगतो. पुढच्या पावसाळ्यात त्या कडा खरंच उचलल्या. मेणाची कांडी भरून खळगे लपवता येतात, मोडलेली जीभ जोडता येत नाही.

लाकूडच हवं असेल तर “सागवान घेऊ, मग चिंता नाही” हेही मनातून काढा. सागवानाची ख्याती वाळवी आणि पाण्याला दाद न देण्यासाठी आहे, टाचेसाठी नाही. लाकडात पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो यावरून लाकडाचा कडकपणा मोजतात, त्याला जांका म्हणतात. त्यात रेड ओक १,२९० पाउंड, आणि सागवान हजार-अकराशेच्या घरात. पेन्सिल हीलने दोन्हींवर खूण उमटतेच. फरक इतकाच, की अस्सल लाकूड पुन्हा घासून पॉलिश करता येतं.

लाकडी दिसणारं आणि टाच सोसणारं असं दोन्ही हवं असेल तर मी एसपीसी सुचवते. दगडाची भुकटी आणि पीव्हीसी यांचा तो कडक फळा असतो. नाव जवळचं म्हणून डब्ल्यूपीसी घेऊ नका, त्याचा गाभा फेसाळ आणि मऊ असतो. आणि रोलमध्ये मिळणारं पातळ व्हिनाइल या कामासाठी घेऊच नका. खालच्या वाळूचा कणसुद्धा त्यातून वर दिसतो, तिथे टाचेचं काय. एसपीसीलाही खालची जमीन सपाट लागते. मी दोन मीटरची अॅल्युमिनियमची पट्टी फिरवते, ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर आधी लेव्हलिंग, मग फळ्या.

टाइल कडक आहे म्हणून निर्धास्त राहणं

ही माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगते. व्हिट्रिफाइड टाइल टाचेला भारी आहे यात वाद नाही. पण ती भारी असते खाली भरीव आधार असेल तेव्हाच. पोकळ जागेवर ठेवलेली टाइल म्हणजे काचेच्या टीपॉयचा कोपरा.

कोथरूडचं घर, हॉलमध्ये २ बाय ४ फुटांच्या चकचकीत टाइल्स, मुलगी डान्सची. वास्तुशांतीची तारीख ठरलेली होती आणि मालकांना घाई. मी चार दिवस कोल्हापूरला लग्नाला गेले होते, तेवढ्यात अर्धा हॉल बसवून झाला. वरून बघितलं तर काम सुरेख, सांधे दोऱ्यात. मी त्यावर विश्वास ठेवला, आणि ती चूक माझीच. दोन महिन्यांनी मुलीचा फोन आला, “मावशी, टाच आत गेली.” टाइलचा कोपरा रुपयाच्या नाण्याएवढा खचून चुरा झाला होता. हातोडीच्या लाकडी दांड्याने मी शेजारच्या टाइल्स वाजवल्या. मधोमध ‘टण’, कोपऱ्याकडे सरकलं की ‘भद’. एक टाइल उचकटली. खाली अॅडहेसिव्हचे पाच लाडू. चार कोपऱ्यांच्या जरा आत चार आणि मधे एक. बाकी सगळी हवा.

मिस्त्रीला विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, “ताई, भिंतीला असंच लावतो, पडत नाही.” भिंतीवर हील्स घालून कुणी चालत नाही. तसं पाहिलं तर भिंतीवरही ही पद्धत चुकीचीच आहे. लाडू ठेवले की टाइल वरखाली दाबून पटकन लेव्हलला येते, सामान कमी लागतं, दिवसाला दीडपट काम होतं. या घाईपायी अकरा टाइल्स काढाव्या लागल्या, आणि त्याच शेडच्या टाइल्स दुकानात उरल्या नव्हत्या. आज त्या हॉलमध्ये एक पट्टा किंचित पिवळसर आहे. माझ्या नजरेला तो दर वेळी टोचतो.

तेव्हापासून मी पहिली टाइल बसली की लगेच, अॅडहेसिव्ह ओलं असतानाच, ती उचलायला लावते आणि पाठ बघते. मिस्त्री कुरकुरतात, कुरकुरू देत. कोरड्या खोलीत किमान ८० टक्के पाठ माखलेली असली पाहिजे असा नियम आहे. टाचेचं घर असेल तर मी कोपऱ्यांत एकही कोरडा डाग चालवून घेत नाही. दातेरी थापीने एकाच दिशेला रेघा ओढायच्या, मोठ्या टाइलच्या पाठीवरही पातळ हात मारायचा, मग टाइल ठेवून रेघांना आडवी जराशी सरकवायची, म्हणजे रेघा मोडून हवा निघून जाते. आठवड्याने मी प्रत्येक टाइल वाजवते आणि जिथे ‘भद’ येतं तिथे खडूने फुली मारते. फुल्या पुसल्या जाईपर्यंत शेवटचा हप्ता देत नाही.

पोकळ टाइलला भोक पाडून आत ग्राउट, म्हणजे पातळ सिमेंटचा माल, ओतायचा उपाय कुणी सांगेल. आत ते कुठवर पोचलं हे कुणालाच दिसत नाही, म्हणून टाचेच्या खोलीत मी तो करत नाही. जुन्या फरशीवर नवी टाइल चिकटवणार असाल तर आधी जुनी फरशी वाजवून बघा. खालची पोकळ असेल तर वरचीही गेली.

जुनी मोझॅक उखडणं

हे बघून जीव तुटतो. जुन्या सोसायट्यांतली चिप्सची मोझॅक फरशी टाचांसाठी उत्तम आहे. सिमेंटमध्ये दगडाचे तुकडे, खाली भरीव माल, आणि पिढ्यान्‌पिढ्या वापरून कसाला लागलेली. लोक ती फोडून वर चित्र छापलेली टाइल टाकतात. आधी एकदा मशिन लावून पॉलिश करून बघा, मग ठरवा. कोटा दगडही चालतो. त्यावर ओरखडे उठतात, पण तो आरपार तोच दगड असल्याने पुन्हा पॉलिश होतो. इटालियन मार्बल मात्र मऊ, दगडाचा कडकपणा सांगणाऱ्या मोहस मापावर ३च्या आसपास. रबरी टिप झिजून आतली खीळ उघडी पडलेली टाच त्यावर सरळ रेघ ओढते.

टाचेचं टोक न बघणं

हीलच्या तळाशी रबराची किंवा पॉलियुरेथेनची छोटी टिप असते. ती झिजली की आतली लोखंडी खीळ बाहेर येते, आणि मग कोणतीच जमीन सुरक्षित नाही. कान द्या, आवाज बदलतो. ‘टक टक’ची ‘टिक टिक’ झाली की सँडल त्याच दिवशी दुरुस्तीला द्या. टिप बदलणं दहा मिनिटांचं काम आहे. खालच्या मजल्यावरच्यांच्या तक्रारीही नव्या रबरी टिपने बऱ्याच कमी होतात.

आर नंबर बघून घसरण ठरवणं

आर ९, आर १०, आर ११ हे टाइल किती घसरते ते सांगणारे आकडे तेल ओतलेल्या उतारावर, जाड तळाचे बूट घालून काढलेले असतात. नखाएवढ्या टोकाबद्दल ते काही सांगत नाहीत. चकचकीत टाइलवर टाल्कम पावडर किंवा बारीक धूळ असली की टाच सटकते, पाणी असायलाच हवं असं नाही. उलट खूप खरखरीत टाइल हॉलमध्ये घेतली तर टिपा भराभर झिजतात, पोछा अडकतो, आणि नाचताना वळलं की पाय जागीच राहून गुडघा पिरगळतो. मी मॅट किंवा सॅटिन फिनिश घेते.

बाल्कनीतल्या डेकच्या फटीत पेन्सिल हील अडकते, तिथे सलग टाइलच लावा. सुटी सतरंजी असेल तर खाली घसरण रोखणारी जाळी हवीच.

आणि कृपा करून नमुना बघून, हात फिरवून फरशी पसंत करू नका. माझ्या गाडीच्या डिकीत जुन्या पेन्सिल हील्सचा एक जोड कायम असतो. दुकानातून नमुन्याचा तुकडा घरी आणते, जो फोम खाली येणार तोच अंथरून त्यावर तुकडा ठेवते, हील्स घालून एका पायावर उभी राहते आणि टाच गोल फिरवते. मग तुकडा खिडकीशी नेऊन तिरका धरून बघते. दुकानदार म्हणतात, “मॅडम, तुकडा खराब होईल.” होऊ द्या, त्याचे पैसे द्या. पसंत पडलं की त्याच शेडचं एक खोकं जास्तीचं घ्या, खोक्यावरचा शेड नंबर दिसेल असं ते माळ्यावर ठेवा, आणि घर बदलताना नव्या मालकालाही दाखवून जा.