जनसुनावणीची नोटीस आली, आता काय करायचं?

पाटण तालुक्यात 31 वर्षं तलाठी होतो. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले, तरी जलविद्युत प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीसाठीच्या सुनावणीची नोटीस पेपरात आली की लोक माझ्याच ओट्यावर येऊन बसतात. दर वेळी तेच सांगतो, म्हणून एकदा लिहून ठेवतोय.

आधी शब्द समजून घ्या. कंपनीची माणसं ‘पीएसपी’ म्हणतात, शासकीय कागदात ‘उदंचन जलविद्युत प्रकल्प’ असतं. खाली एक तळं, डोंगरावर दुसरं. वीज मुबलक असते तेव्हा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडायचं. घाटघरला असा 250 मेगावॉटचा प्रकल्प चालू आहे. डिसेंबर 2023 मध्ये राज्याचं उदंचन धोरण आलं आणि सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळांवर, मोजणीवाल्यांची वर्दळ वाढली.

कायदा कंपनीला बरीच मोकळीक देतो. वीज कायदा 2003 च्या कलम 7 प्रमाणे वीजनिर्मितीला परवाना लागत नाही. जलविद्युतला मात्र कलम 8 आहे. केंद्राने ठरवलेल्या रकमेपेक्षा खर्चिक योजनेला केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची सहमती लागते, आणि ती देताना पिण्याचं पाणी, सिंचन, पूरनियंत्रण यांचा विचार करावा लागतो. ही रक्कम आणि सवलती बदलत राहतात. म्हणून सुनावणीत पहिला प्रश्न हाच टाका: ‘या प्रकल्पाला कलम 8 ची सहमती लागते का, आणि मिळाली आहे का?’

दुसरी चौकशी प्रकल्प कुठल्या वर्गात मोडतो याची. पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेत ‘ब-2’ वर्गातल्या प्रकल्पाला जनसुनावणीच नसते. नोटीस आली याचा अर्थ तुमचा प्रकल्प त्यात नाही. म्हणजे संधी आहे, ती दवडू नका.

नोटीस छापून आल्यापासून सुनावणीपर्यंत किमान 30 दिवस मिळायला हवेत. पेपरचं ते पान तारखेसकट कापून ठेवा. मसुदा अहवाल आणि मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात बघायला मिळतो. सारांशावर समाधान मानू नका, त्यात सगळं गोड असतं. गावातली कॉलेजची दोन पोरं घेऊन जा आणि इंग्रजी अहवालातली तीन ठिकाणं शोधायला लावा: गट नंबरांची यादी, पाणी कुठून येणार, आणि बोगद्यातून निघालेली दगडमाती कुठे टाकणार. ती दगडमाती बहुतेक वेळा एखाद्या ओढ्याच्या तोंडावर दाखवलेली असते.

पाण्याचा हिशेब बांधावर बसूनही करता येतो. 400 मीटर उंचीवरून हजार लिटर पाणी सोडलं की साधारण एक युनिट वीज होते. म्हणजे 1000 मेगावॉट सहा तास चालवायचे तर 60 लाख युनिट, त्याला 600 कोटी लिटर, सुमारे 0.2 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. तेच पाणी खालीवर फिरतं हे खरं, पण पहिल्यांदा तळं भरायला ते कुठल्या धरणातून घेणार? दर उन्हाळ्यात बाष्पीभवनाची तूट कुठून भरणार? आकडा मागा.

आता माझ्या खात्यातलं. सातबारा काढा. आज्याचं नाव अजून असेल तर वारसनोंद आजच घाला. नाहीतर मोबदल्याच्या वेळी भाऊबंदकी उभी राहते आणि पैसे कोर्टात अडकतात. जमीन ‘पड’ लागलीय का बघा, ई-पीक पाहणी वेळेवर करा. विहीर आणि आंबा-फणसाची झाडं नोंदवून घ्या. 2013 च्या भूसंपादन कायद्यात झाडं आणि बांधकामाची किंमत वेगळी धरतात, पण कागदावर नसलेलं झाड सिद्ध करताना दमछाक होते. जिवंत झरे तर सातबाऱ्यावर नसतातच, त्यांचे फोटो मे महिन्यात काढा. पावसाळ्यात सगळाच डोंगर झरतो, त्या फोटोला किंमत नाही. वनजमीन कसत असाल तर वनहक्काच्या दाव्याची पोच जवळ ठेवा. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत तिथून हलवता येत नाही, असं 2006 चा कायदा सांगतो.

सुनावणीच्या दिवशी मी एकदा फसलोय. आमचं जुनं घर कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली गेलं. पुनर्वसनाचा कायदा 1976 चा, धरण त्याच्या कितीतरी आधीचं. तो सगळा राग मी माइकवर पाऊण तास काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतिवृत्तात उतरलं ते एवढंच: ‘एका ग्रामस्थाने पुनर्वसनाबाबत नाराजी व्यक्त केली.’

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. एका माणसाने एकच मुद्दा बोलायचा, गट नंबरासकट. ‘गट अमुकमधल्या झऱ्यावर 40 घरं पाणी पितात, बोगद्याच्या सुरुंगाने तो आटला तर पाणी कोण देणार, किती दिवसांत?’ एवढंच. तोच मुद्दा दोन प्रतींत लिहून द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यायची. सुनावणीचं चित्रीकरण सक्तीचं असतं, ते चालू आहे ना हे आधी विचारा. बाया मागे बसतात, त्यांना पुढे बसवा. पाणी त्या भरतात, मुद्दा त्यांचाच पक्का असतो.

शेवटी सगळे उठून जेवणाच्या पंगतीकडे वळतात. वळू नका. उपस्थित झालेले मुद्दे स्थानिक भाषेत तिथेच वाचून दाखवून, त्यावर जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने त्याच दिवशी सही करायची असते. आपला मुद्दा वाचला गेला नाही तर हात वर करा, तिथेच लिहून घ्यायला लावा. गणपूर्तीची, म्हणजे किमान इतकी माणसं हवीत अशी, अट नाही, त्यामुळे बहिष्कार टाकून सुनावणी रद्द होत नाही. रिकाम्या मांडवातही ती पूर्ण होते.

पुढे पर्यावरण मंजुरी मिळाली तर कंपनीला ती दोन स्थानिक वर्तमानपत्रांत जाहीर करावी लागते. तिथून 30 दिवसांत पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात अपील करता येतं. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवस मिळू शकतात. तेव्हा वकील पहिली मागतो ती तुमची पोच. ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. घरातली तेवढीच एक पिशवी कोणी हरवत नाही.